मिळून आला

ज्याला मी शब्द दिला होता तो म्हातारा आता नाही. ही बातमी मला रहिमतपूरच्या बाजारात मेथीची जुडी निवडताना कळली. सांगणाऱ्याच्या लेखी ती बातमी नव्हतीच. "त्यो पारध्यांचा म्हातारा गेला की, तुमच्या वळखीचा," असं म्हणून तो पुन्हा भाव करायला लागला. मी व्हय म्हणालो आणि जुडी तिथंच विसरून आलो. दिलेला शब्द सुटला म्हणून आता लिहितो आहे. त्याआधी लिहिलं असतं तर म्हाताऱ्याचं नुकसान झालं असतं. निदान मी स्वतःला तसं सांगत आलो.

नव्वद सालानंतरच्या त्या वर्षांत मी सातारा आणि सांगलीच्या शिवेवरच्या एका पोलीस ठाण्यात शिपाई होतो. अक्षर चांगलं, म्हणून मला रायटर केलं होतं. रायटर म्हणजे ठाण्यातले सगळे कागद लिहिणारा: फिर्याद, जबाब, पंचनामा, अटकेचा कागद. नावानं मला तिथं कुणी हाक मारत नसे. साहेबापासून चहावाल्यापर्यंत सगळे रायटर म्हणायचे.

ठाण्याच्या कागदावरची मराठी कुणाच्या घरात बोलली जात नाही. तिथं माणसाचा इसम होतो आणि घराचं घरठाण. आणि सापडला असं कधी लिहीत नाहीत, 'मिळून आला' असं लिहितात. 'सदर इसम संशयितरीत्या फिरत असता मिळून आला.' हे वाक्य मी इतक्या वेळा लिहिलंय की हात आपोआप चालायचा. आमच्या भागात सापडलेल्याला लोक घावला म्हणतात. मिळून म्हणजे सगळ्यांनी एकत्र: मिळून जेवायचं, मिळून काम करायचं. ठाण्याबाहेर त्या शब्दाचा दुसरा अर्थ कुणाला ठाऊक नव्हता, आणि असायचं काही कारणही नव्हतं.

आमच्या हद्दीत ओढ्याच्या वरच्या माळावर पारध्यांची वस्ती होती. चोरी कुठंही होवो, विहिरीवरची मोटार जावो नाहीतर कुणाची शेळी, पहिली जीप त्या माळावर जायची. उजाडताना आम्ही वेढा घालायचो. पुरुष रानात पळायचे, जो हाताला लागेल तो गाडीत. बायका अंगावर धावून यायच्या, आम्ही चुलीवरची भांडी लाथाडायचो. मीही लाथाडलीत. तिथली भांडीकुंडी कायम गाठोड्यात बांधलेली असायची, लागेल तेवढंच बाहेर. मला वाटायचं ही त्यांची रीतच असेल. धाड पडली की उचलून पळता यावं म्हणून ते तसं असतं, हे फार उशिरा लक्षात आलं.

खरं तर मला ते आधीच कळायला हवं होतं. आमचं घर छप्पन सालानंतर बौद्ध झालेलं. त्याआधी आजोबा गावचे येसकर होते, गावाची राखण त्यांच्याकडं. आई सांगायची, "गावातली कोंबडी गेली तरी तुझ्या आज्याला आधी चावडीवर बसवायचे. कोंबडी घावली तरी उठ म्हणायला कुणी यायचं न्हाई." मी खाकी घातली तेव्हा तिनं टोपीवरून हात फिरवला होता. माळावर आम्ही काय करतो ते तिनं कधी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

अशात एक सुभेदार पलटणीतून रिटायर होऊन गावात आला. ऊसवाला, द्राक्षबाग असलेला, माळाच्या खालच्या गावचा. लोकांनी त्याला सरपंच केलं. त्या साली चोऱ्या वाढल्या होत्या, म्हणून माळाच्या तोंडाशी पोलीस चौकी करायचं वरून ठरलं. खोली गावानं बांधून द्यायची, माणूस सरकारनं बसवायचा. ग्रामसभेला बंदोबस्त म्हणून मी होतो. सुभेदारानं त्या सभेला पारध्यांच्या म्हाताऱ्यालाच बोलावलं. वस्तीवर त्याचा शब्द चालायचा. तो येऊन दाराशी उकिडवा बसला तेव्हा निम्म्या सभेनं चपला सावरल्या.

"आवं सुभेदार," मागनं एकजण म्हणाला, "पलटणीतनं आल्यापास्नं तुमाला समदीच आपली वाटाय लागली काय?"

सुभेदार म्हणाला, "त्यो काय म्हनतो ते ऐका. मग हसा."

म्हातारा उठला. त्याची घरची भाषा वेगळी, मराठी सगळी बाजारात आणि बांधावर शिकलेली. म्हणाला, "तुमची जीप आमच्यावर जेवढं डिझेल जाळती, तेवढ्यात आमची हीर झाली असती. आमी चोर, असं तुमीच म्हनता. मंग चोर कुठनं येतो ते आमच्यापक्षी कुणाला ठावं असनार? राखण आमाला द्या. वर्गणी चौकीला देताय ती राखणीला द्या. आनि आमचा मानूस पायजे आसल तर निरोप धाडा. मी सोता आणून हुबा करतो. फकस्त वेढा घालू नगा."

"आनि न्हाई आणला तर?"

"तर मला बशीवा."

"तुला बसवून काय करायचं गड्या, तू बसल्या जागी झोपशील," कुणीतरी बोललं आणि सभा हसली. म्हाताराही हसला. सभा तिथंच फिरली. खोली बांधली, पण तिच्यात पोलिसाऐवजी मास्तर बसवला. वस्तीवरचे पुरुष द्राक्षबागा आणि नदीवरच्या मोटारी राखायला लागले, त्यांचा पगार वर्गणीतून. आमच्या तेव्हाच्या साहेबानं सहीशिक्क्याशिवाय, तोंडीच मान्य केलं. त्याचा त्रास वाचत होता, दुसरं काही नाही.

आणि ते चाललं, ही गोष्ट मी मुद्दाम लिहून ठेवतो. नंतर सगळे म्हणायला लागले की ते चालणारच नव्हतं. एकदा शेळ्या गेल्या, निरोप गेला, म्हातारा सकाळी दोघांना घेऊन ठाण्यासमोरच्या लिंबाखाली येऊन बसला. साहेबानं विचारपूस केली, शेळ्या दुसरीकडंच निघाल्या, दोघं चहा पिऊन परत गेले. पुढंही असंच होत राहिलं. एकदा तर म्हाताऱ्यानं खरंच चोरी केलेल्या एकाला आणून दिलं, वर माल घेऊन. माझ्या आठवणीत तोवर पारधी कधी ठाण्यात पुढच्या दारानं चालत आला नव्हता. त्या वर्षी माळावर गेलो तर एका झोपडीत फळी ठोकलेली दिसली, तिच्यावर ताटल्या आणि तांबे ओळीनं मांडलेले. वस्तीवर प्रत्येक खाकीवाला जमादारच. म्हाताऱ्याची सून म्हणाली, "काय बघता जमादार? चोरीची न्हाईत." मी म्हणालो, "न्हाई, लखलखीत हायेत म्हणून बघतोय." ती हसली आणि तिनं तोंडाला पदर लावला.

मग साहेब बदलला. नवा साहेब तरुण होता, स्वभावानं वाईट नव्हता, शिव्या देत नसे. क्राइम मीटिंग तोंडावर आली होती आणि आमच्या ठाण्याचं डिटेक्शन, म्हणजे उघडकीला आणलेले गुन्हे, कमी होतं. त्यात एका बड्या बागायतदाराची विहिरीवरची मोटार गेली. मोटार दोन दिवसांत त्याच्याच गड्याला उसाच्या सरीत सापडली. पण मोटार आली तरी चोर हवा. साहेबानं मला म्हाताऱ्याच्या मुलाचं नाव देऊन निरोप पाठवायला लावलं. फळीवर ताटल्या मांडणारी ती सून, तिचा नवरा. चोरीच्या वेळी तो सुभेदाराच्या बागेत राखणीला होता, हे अख्ख्या गावाला माहीत होतं.

म्हातारा त्याला घेऊन आला. सकाळच्या एसटीनं, दोघं धुतल्या कपड्यांत. मुलानं केसांना तेल लावलं होतं. तो म्हणाला, "जमादार, बेगी आटपा. दुपारला बागंत पानी द्यायचंय."

साहेबानं त्याला आत बसवलं आणि मला अटकेचा कागद लिहायला सांगितला. मी तारीख टाकली, ठाण्याचं नाव टाकलं आणि थांबलो.

"काय रे, शाई संपली?"

"साहेब, तो स्वतः आलाय."

"मग? स्वतः आला असं लिहिलंस तर आपण काय केलं?"

एवढंच. त्यानं दम दिला नाही, बदलीची भीती घातली नाही. घातली असती तर आज मला सांगायला काहीतरी असतं. तो हसला, मीही हसलो. आणि लिहिलं: 'सदर इसमाचा शोध घेत असता तो उसाचे शेतातून पळून जात असताना मिळून आला.' मोटार त्यानंच काढून दिली, हेही पुढं लिहिलं.

अटक झाल्याचं नातेवाइकाला कळवलं म्हणून त्याचा अंगठा लागतो. मी म्हाताऱ्याला बोलावलं. तो म्हणाला, "वाचून दावा जमादार, मंग देतो." त्यानं सहज विचारलं होतं. चांगल्या माणसानं कागद वाचून घ्यावा हे त्याला सुभेदारानं शिकवलं होतं. मी वाचायला लागलो. माझं वाचणं नेहमीच भरभर, त्या दिवशी जास्तच. शोध, शेत, पळून हे शब्द मी गिळले. शेवट मात्र स्पष्ट ऐकू गेला: मिळून आला.

म्हाताऱ्यानं मान हलवली. "बराबर लिवलंय," तो म्हणाला. "मिळूनच आलो. बापलेक दोगंबी. येकाच तिकटावर न्हाई, दोन तिकिटं काढलीत." आणि खिशातून एसटीची तिकिटं काढून त्यानं टेबलावर ठेवली.

मला तेव्हाच कळलं त्याला काय वाटलं ते. खुर्चीत सरळ होऊन मी म्हणायला हवं होतं, "बाबा, तसं नाही." आतमध्ये साहेब फोनवर होता, ऐकायला दुसरं कुणी नव्हतं. मी शाईचं पॅड पुढं सरकवलं. त्यानं अंगठा उठवला, चांगला दाबून, आणि लिंबाखाली मुलाची वाट बघत बसला. संध्याकाळी मीच त्याला म्हणालो, "बाबा, आज नाही सोडत. तुम्ही जावा." तर म्हणाला, "मंग उद्याच्याला येऊ का?"

जामीन झाला नाही. सुभेदार स्वतःच्या जमिनीचा उतारा घेऊन कोर्टात उभा राहिला होता. पण पळून जाताना धरलेला माणूस, बाहेर सोडला तर पुन्हा पळेल, असं सरकारी वकील म्हणाला. त्याच्यापुढं कागद होता, कागदावर माझं अक्षर होतं.

खटला उभा राहीपर्यंत एक अख्खा हंगाम गेला. माझी साक्ष झाली. विचारलं, आरोपी कसा मिळाला? मी म्हणालो, शेतातून पळत असता मिळून आला. आवाज कापला नाही. सुभेदारानं सांगितलं, तो माझ्या बागेत होता. सरकारी वकिलानं विचारलं, तुमच्या बागेत होता तर दुसऱ्याच्या उसातून पळत का होता? सुभेदार म्हणाला, पळतच नव्हता, तो बापाबरोबर ठाण्यात गेला. मग बचावाच्या वकिलानं म्हाताऱ्याला पिंजऱ्यात बोलावलं. सगळं आता त्याच्यावर होतं. त्यानं एवढंच सांगायचं होतं की मी माझ्या मुलाला हजर केलं.

त्यानं ते सांगितलंही. "आमी दोगं आलो," म्हणाला. मग सरकारी वकिलानं माझा कागद त्याच्यापुढं धरला.

"हा अंगठा तुमचाच?"

"व्हय."

"कागद वाचून दाखवला होता?"

"व्हय, जमादारानं वाचला. मीच म्हनलं वाचा."

"त्यात लिहिलंय की तो मिळून आला. हे खरं की खोटं?"

म्हातारा कोर्टाकडं बघून, एकदम खणखणीत, म्हणाला, "खरं हाय. मिळूनच आला."

कोर्टानं लिहून घेतलं. बचावाचा वकील सरकारनं दिलेला, कामाच्या ओझ्यानं वाकलेला. म्हाताऱ्याला पोलिसांनी फोडलं असं त्याला वाटलं, आणि तो चिडून खाली बसला. म्हातारा पिंजऱ्यातून उतरताना मुलाकडं बघून मान डोलावत होता, झालं आता, अशी. त्या क्षणी त्या खोलीत काय घडलं हे कळलेला मी एकटा होतो. माझी साक्ष झाली होती, मला कुणी काही विचारणार नव्हतं. उठून बोललो असतो तर नोकरी गेली असती, कदाचित तुरुंगही. पण मी हा हिशेब मांडलाच नाही. मी बूट बघत बसलो.

बाहेर पायऱ्यांवर सुभेदारानं म्हाताऱ्याचा दंड धरला. "आवं, काय बोलला तुमी? पोराच्या गळ्याला फास लावला की!"

"म्या काय क्येलं? खरं त्ये बोललो."

"मिळून आला म्हंजे घावला! पळताना घावला! त्येच इचारत हुता त्यो तुमाला!"

म्हाताऱ्यानं सुभेदाराकडं बघितलं, मग मी पायऱ्या उतरत होतो तिकडं. मी जवळून गेलो. त्यानं मला थांबवलं नाही. फक्त म्हणाला, "जमादार, तुमी तर त्या दिशी हुतासा की."

शिक्षा झाली. चौकीसाठी बांधलेल्या खोलीतून मास्तर उठला आणि पोलीस बसला. राखण गेली, कारण शिक्षा झालेल्याच्या वस्तीला बागा कोण सोपवणार? सुभेदार पुढच्या निवडणुकीत पडला, आणि लोक त्याच्या तोंडावर म्हणाले, "बघितलं का तुमचं पारधी?" त्यानं माझ्याशी बोलणं सोडलं. त्याचा राग मला सोसला. म्हातारा मात्र एक दिवस पोलीस लाइनीत माझ्या दारात आला, ते सोसणं कठीण गेलं.

दुपारची वेळ, घरात मी एकटाच होतो. तो आत आला नाही, उंबऱ्याबाहेर उकिडवा बसला. त्याच्या जातीची पंचायत बसणार होती. आरोप असा, की त्यानं स्वतःच्या पोराला स्वतःच्या हातानं सरकारला दिला. त्यासाठी त्याला वाळीत टाकणार होते. त्याच्या हातचं पाणी कुणी घेणार नव्हतं, सून दुसऱ्याला देणार होते, नातवंडं तिच्याबरोबर जाणार होती.

"त्यो कागुद," तो म्हणाला. "त्यात धरला असंच लिवलंय न्हवं? मी आणला असं न्हाई?"

"नाही."

"मंग या. पंचांम्होरं वाचा. तुमच्या तोंडनं."

मी म्हणालो, "बाबा, ते खोटं आहे. खोटं माझं आहे. मी पंचांना खरं सांगतो, काय झालं ते सगळं."

"खरं नगो," म्हातारा म्हणाला. "खऱ्यानंच तर मी बुडालो."

मी साध्या कपड्यांत गेलो. तासगावच्या पुढं एका माळावर, बाभळीखाली ते बसले होते. आपसात त्यांच्या भाषेत बोलत होते, त्यातलं मला काही कळत नव्हतं. म्हातारा बाजूला, चपला काढून, हात बांधून उभा. मी अटकेच्या कागदाची नक्कल उघडून वाचली, या वेळी एक शब्दही न गिळता. एका पंचानं विचारलं, "मिळून आला म्हंजे? बापासंगं?"

सगळे माझ्याकडं बघत होते.

"नाही," मी म्हणालो. "मिळून आला म्हणजे सापडला. घावला. तो पळत होता, आम्ही धरला. बापाचा काही संबंध नाही."

जो अर्थ मी म्हाताऱ्याला ठाण्यात सांगितला नाही, तो असा, तिथं, पहिल्यांदा समजावून सांगितला. पंच आपसात बोलले. मग एकानं म्हाताऱ्याकडं तांब्या पुढं केला. तो पाणी प्यायला, आणि मोठ्यानं मराठीत, मला ऐकू जावं म्हणून असेल, म्हणाला, "ऐकलं न्हवं? मी न्हाई आणला. मी कवाच कुणाला आणलं न्हाई."

एसटीपर्यंत तो माझ्याबरोबर चालत आला. गाडी दिसल्यावर म्हणाला, "आता ह्येच खरं. कुणीबी इचारलं तर तुमी ह्येच सांगायचं." मी व्हय म्हणालो. सूनबाई राहिली, नातवंडं राहिली, आणि पारधी आपल्या पायांनी ठाण्यात यायचे ही गोष्ट तिथून पुढं कधी घडलीच नव्हती. आम्ही दोघांनी मिळून ती पुसली.

मुलगा सुटून आला तेव्हा रेकॉर्डवरचा झाला होता. काहीही चोरीला गेलं की पहिलं नाव त्याचं. त्याला कुणी निरोप पाठवला नाही, पाठवला असता तर तो आलाही नसता. पुढच्या वेळी आम्ही वेढा घातला तेव्हा तो उसातून पळाला, आणि दोघा शिपायांनी त्याला सरीत गाठून धरला. ठाण्यात आणल्यावर मी त्याचा कागद लिहायला घेतला. तो समोर बसला होता, ढोपर फुटलेलं, माझ्याकडं बघत नव्हता. उसाचे शेतातून पळून जात असताना मिळून आला, असं मी लिहिलं. त्या वेळी ते अक्षरन् अक्षर खरं होतं.